आधी स्वतःला ओळखायचे, मगच काम निवडायचे?

एका ३१ वर्षांच्या वाचक भगिनीचे सविस्तर पत्र आले आहे. ओळख पटेल असा तपशील वगळून त्याचा सारांश पुढे दिला आहे.

वाणिज्य शाखेत गुण चांगले मिळाले म्हणून त्यांनी एका कंपनीच्या लेखा विभागात नोकरी धरली, त्याला आता आठ वर्षे झाली. काम जमते, पगार वेळेवर होतो. तरीही गेली सुमारे दोन वर्षे सकाळी कामावर निघतानाच मन जड होते. ‘आपण चुकीच्या क्षेत्रात आलो’ असे त्यांना वाटते. समुपदेशक व्हावे असे तीव्रतेने वाटते, मधूनच शिक्षिका व्हावेसे वाटते. दिशा मिळावी म्हणून त्यांनी तीन व्यक्तिमत्त्व चाचण्या दिल्या, पण तिन्हींची उत्तरे वेगवेगळी आली. आता राजीनामा द्यावा आणि सहा महिने केवळ स्वतःचा शोध घेण्यात घालवावेत, असा त्यांचा विचार आहे. घरखर्चाचा निम्मा भार त्यांच्यावर आहे आणि वडिलांचा नोकरी सोडण्यास ठाम विरोध आहे. त्या विचारतात: स्वतःला ओळखायचे कसे? ते होईपर्यंत निर्णय घेऊच नये का? गेलेली आठ वर्षे वाया गेली का? आणि वडिलांना काय सांगावे?

सस्नेह नमस्कार.

तुमचे सहा पानी पत्र मी सलग दोनदा वाचले. ‘मला सगळ्यांचे कळते, फक्त माझेच कळत नाही’ हे त्यातील वाक्य वाचताना वाईट वाटले, कारण ते लिहिताना तुम्ही किती थकलेल्या असाल याची कल्पना येते. दुसऱ्या वाचनात मात्र ते वाक्य मला पटेनासे झाले. पत्रातील जवळजवळ अडीच पाने चाचण्यांच्या निकालांनी भरली आहेत. त्यानंतर, चौथ्या पानाच्या तळाशी, तुम्ही चार ओळींत सांगता की मागच्या वर्षी कार्यालयात नवी संगणक प्रणाली आली, नवख्या सहकाऱ्यांची तारांबळ तुम्हाला बघवेना, म्हणून तुम्ही तीन रविवार घरी बसून त्यांच्यासाठी चाळीस पानांची सोपी मार्गदर्शिका लिहिलीत. ती कोणी मागितली नव्हती, तिचे वेगळे पैसे मिळाले नाहीत, आणि आजही विभागात नवा माणूस आला की तीच त्याच्या हाती दिली जाते. एवढे सांगून तुम्ही लिहिता, ‘असो, हा विषय वेगळा.’ माझ्या मते तो विषय मुळीच वेगळा नाही. ज्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही चाचण्यांत शोधत आहात, त्याविषयीचा सर्वांत भरवशाचा पुरावा त्या चार ओळींत आहे.

तुमच्या पत्रामागे एक गृहीतक आहे आणि ते इतक्या जणांच्या पत्रांत दिसते की त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. आपल्या आत एक तयार, पक्का ‘मी’ असतो. धकाधकीमुळे तो झाकला गेलेला असतो. पुरेशी शांतता आणि मोकळा वेळ मिळाला की तो दिसू लागेल आणि तो दिसला की कोणते काम करायचे हे आपोआप ठरेल, असे ते गृहीतक आहे. माणसामाणसांत टिकाऊ फरक असतात, त्यामुळे या कल्पनेत तथ्यच नाही असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप आहे तो शोधाच्या पद्धतीला. मनात डोकावले की आपल्या वागण्याची खरी कारणे आपल्याला दिसतात, या समजुतीवर आपण फारच विसंबून असतो.

रिचर्ड निस्बेट आणि टिमथी विल्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली याविषयी एक गाजलेला निबंध प्रसिद्ध केला. त्यातील एका प्रयोगात दुकानात आलेल्या लोकांपुढे पायमोज्यांचे चार जोड ओळीने मांडून त्यांतील सर्वांत चांगला कोणता, असे विचारण्यात आले. चारही जोड अगदी एकसारखे होते. सर्वाधिक लोकांनी उजवीकडच्या टोकाचा जोड निवडला. परंतु कारण विचारल्यावर ‘तो उजवीकडे होता म्हणून’ असे एकानेही आपणहून सांगितले नाही. ती माणसे खोटे बोलत नव्हती. निवड आधी झाली होती, तिला शोभेल असे कारण मागाहून जुळवले गेले होते आणि हे जुळवणे त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आले नव्हते.

याच विल्सन यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग तुमच्या सहा महिन्यांच्या बेताशी अधिक जवळून संबंधित आहे. काही विद्यार्थिनींना भिंतीवर लावायच्या चित्रांपैकी एक चित्र निवडून घरी नेण्यास सांगितले. त्यांतील काहींना निवडण्यापूर्वी आपल्या आवडीनिवडीची कारणे लिहून काढायला लावली. काही आठवड्यांनंतर चौकशी केली, तेव्हा कारणांचा बारकाईने विचार केलेल्या विद्यार्थिनी आपल्या निवडीवर इतरांपेक्षा कमी समाधानी निघाल्या. असे होण्याचे कारण उद्बोधक आहे: आपण आवडीची कारणे शोधू लागतो, तेव्हा जी कारणे शब्दांत सहज मांडता येतात ती मोठी होतात आणि जी मांडता येत नाहीत ती मागे पडतात. आता स्वतःचे पत्र पुन्हा पाहा. ‘मला माणसांना मदत करायची आहे’ हे वाक्य लिहायला सोपे आहे, म्हणून समुपदेशनाचा विचार पत्रात पानेच्या पाने येतो. गोंधळलेल्या माणसासाठी एखादी किचकट रीत पायरी पायरीने सोपी करून मांडण्यात मिळणारे समाधान चटकन नावाने सांगता येत नाही, म्हणून ते चार ओळींत आटोपते. राजीनामा देऊन सहा महिने निव्वळ विचार करत बसलात, तर मला भीती वाटते ती हीच, की बोलक्या कारणांचा आवाज वाढत जाईल आणि अबोल पुरावा आणखी दबेल.

आता चाचण्यांविषयी. पहिलीने तुम्हाला अंतर्मुख ठरवले, दुसरीने बहिर्मुख आणि नेतृत्वक्षम, तिसरीने लोकांमध्ये राहून करायची कामे आणि पद्धतशीर कामे या दोन्हींत रस असल्याचे सांगितले; आणि यावरून ‘मी इतकी गोंधळलेली आहे की चाचणीलाही सापडत नाही’ असा निष्कर्ष तुम्ही काढलात. तो निष्कर्ष कृपया मागे घ्या. माणसांना १६ प्रकारांत विभागणाऱ्या ज्या चाचण्या लोकप्रिय आहेत, त्या प्रत्येक गुणाच्या मधोमध एक रेघ ओढतात आणि माणसाला रेघेच्या अलीकडे किंवा पलीकडे बसवतात. प्रत्यक्षात बरीच माणसे त्या रेघेच्या आसपासच असतात. अशा माणसाची दोन-चार उत्तरे त्या दिवसाच्या मनःस्थितीनुसार बदलली, तरी त्याचा संपूर्ण ‘प्रकार’ बदलतो. निकाल बदलला म्हणजे माणूस बदलला किंवा तो अगम्य आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

दुसरी गोष्ट, निकाल वाचताना ‘अगदी बरोबर ओळखले’ असे वाटणे हा त्या चाचणीच्या अचूकपणाचा पुरावा नव्हे. १९४८ साली मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याचे म्हणून एक वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. नंतर उलगडा झाला की सगळ्यांना शब्दशः एकच वर्णन दिले होते. कोणालाही लागू पडतील अशी वाक्ये आपण किती आपुलकीने स्वतःची मानतो, हे त्यातून दिसले.

सगळ्या चाचण्या निरुपयोगी आहेत, असे मात्र मी म्हणणार नाही. तुम्ही दिलेली तिसरी चाचणी मानसशास्त्रज्ञ जॉन हॉलंड यांनी १९५९ साली मांडलेल्या विचारावर आधारलेली दिसते. त्यात कामांचे आणि आवडींचे सहा गट पडतात: हातांनी व यंत्रांनी करायची कामे, शोधक कामे, कलात्मक कामे, माणसांना शिकवण्या-सावरण्याची कामे, पुढाकाराची आणि पटवून देण्याची कामे, आणि पद्धतशीर, नोंदी-आकड्यांची कामे. अशी चाचणी आपल्याला आपल्या आवडीविषयी बोलण्यासाठी शब्द देते, आणि हा तिचा उपयोग खरा आहे. मात्र ती आवड मोजते. कौशल्य मोजत नाही आणि निवाडा तर देतच नाही. तुमच्या बाबतीत शिकवण्या-सावरण्याची ओढ आणि पद्धतशीरपणाची ओढ एकत्र आलेली पाहून तुम्ही त्याला विसंगती म्हणालात. मला मात्र ती मार्गदर्शिकाच डोळ्यांपुढे आली. ती या दोन्हींशिवाय लिहिली गेलीच नसती.

तुमच्या पत्रातील एका आकड्यावर मी बराच वेळ थांबलो. नोकरीला आठ वर्षे झाली, पण मन जड होऊ लागल्याला दोनच वर्षे झाली आहेत. याचा अर्थ सहा वर्षे तुम्ही हेच व्हाउचर, हाच ताळेबंद आणि हीच महिनाअखेरची धावपळ सांभाळत होतात आणि ती असह्य वाटत नव्हती. दोन वर्षांपूर्वी काय बदलले, हेही तुम्हीच लिहिले आहे, परंतु त्याचा संबंध जोडलेला नाही. विभागाला नवे वरिष्ठ मिळाले; तुम्ही तयार केलेल्या अहवालांत तुम्हाला न विचारता फेरफार होऊ लागले; चुका दाखवून दिल्यावर ‘सांगितले तेवढे करा’ असे ऐकावे लागले. त्याच सुमारास ज्यांच्याशी मनमोकळे बोलता येई, त्या दोन सहकारी नोकरी सोडून गेल्या.

एखाद्या कामाला आपण कंटाळलो असे म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात तीन निरनिराळ्या गोष्टी गुंतलेल्या असू शकतात: प्रत्यक्ष काम, ते ज्या परिस्थितीत करावे लागते ती परिस्थिती, आणि ते ज्यांच्यासोबत करावे लागते ती माणसे. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी आयुष्यभर जो विषय अभ्यासला, त्याचे सार असे की स्वतःच्या मनाने काही करण्याची मुभा, ‘मला हे जमते’ हा अनुभव आणि माणसांशी जिव्हाळ्याचे नाते, या तीन गरजा भागल्या नाहीत तर कामातील उत्साह आटतो. तुमच्या बाबतीत दुसरी गरज अजून भागते आहे; पहिली आणि तिसरी दोन वर्षांपूर्वी एकदमच हिरावली गेली. अशा स्थितीत कोणतेही काम कोरडे वाटू लागेल. म्हणून मनाशी एक प्रयोग करून पाहा. आकडे तेच, पण वरिष्ठ पूर्वीचे आणि सहकारीही जुनेच, अशी कल्पना केली तर सकाळचे ते ओझे किती उरते? आणि समुपदेशन केंद्रात नोकरी मिळाली, पण तिथे दिवसाला किती जणांना भेटायचे आणि किती मिनिटांत आटोपायचे हे दुसऱ्यानेच ठरवून दिले, तर आज वाटणारी ओढ किती टिकते? पहिल्या प्रश्नाला ‘ओझे जवळजवळ जाते’ असे उत्तर आले, तर तुम्हाला क्षेत्र बदलण्याची नव्हे, जागा बदलण्याची गरज आहे. त्यासाठी स्वतःचा शोध नव्हे, चार ठिकाणी अर्ज करणे पुरेसे आहे. ओझे तसेच राहते असे वाटले, तर पुढचे सारे काळजीपूर्वक वाचा.

व्यवसायनिवडीच्या मार्गदर्शनाचा पाया घालणारे म्हणून ज्यांचे नाव घेतले जाते, त्या फ्रँक पार्सन्स यांनी १९०८ साली बॉस्टनमध्ये यासाठी एक कार्यालय सुरू केले होते. त्यांनी या निवडीची तीन अंगे सांगितली: स्वतःची स्पष्ट ओळख, निरनिराळ्या कामांची खरी माहिती, आणि या दोन्हींचा एकमेकींशी मेळ कसा बसतो याचा नीट विचार. शतक उलटून गेले तरी ही मांडणी मला उपयोगाची वाटते, कारण आज लोक पहिल्याच अंगात अडकून पडतात. तुम्ही दोन वर्षे स्वतःविषयी विचार केला आहे, पण समुपदेशकाच्या एका सामान्य मंगळवारी काय काय घडते, याविषयी पत्रात एकही वाक्य नाही. त्या दिवसात मन हेलावणारे संवाद थोडे असतात. तेच दुःख तीच व्यक्ती सातव्यांदा सांगते आणि ते पहिल्यांदा ऐकत असल्याइतक्याच लक्षपूर्वक ऐकावे लागते. सल्ला तोंडावर येतो आणि तो गिळावा लागतो. प्रत्येक भेटीच्या नोंदी ठेवाव्या लागतात. कोणी मध्येच येणे बंद करते आणि त्याचे पुढे काय झाले हे कधीच कळत नाही. मैत्रीण रडून मोकळी होते आणि हलकी होऊन घरी जाते, त्या अनुभवावरून या व्यवसायाची कल्पना करणे योग्य नाही. तुमच्या पत्रात आणखी एक ओळ आहे: मैत्रिणी तीच तक्रार पुन्हा घेऊन आल्या की तुमचा जीव कासावीस होतो आणि ‘मग सांगितलेले केले का नाहीस?’ असे तोंडून निघून जाते. हा दोष नाही. माहिती म्हणून तो फार मोलाचा आहे. ज्याला गोष्टी मार्गी लागलेल्या पाहण्यात समाधान मिळते, अशा माणसाचे ते लक्षण आहे, आणि शिकवण्याच्या, प्रशिक्षणाच्या किंवा कामाच्या रीती सुधारण्याच्या क्षेत्रात तो गुण ठरतो. समुपदेशन तुम्हाला जमणारच नाही, असे मी एका पत्रावरून म्हणणार नाही. पण ते ठरवण्यापूर्वी या ओळीशी तुमची स्वतःची गाठ पडायला हवी.

आठ वर्षे वाया गेली का, हा तुमचा प्रश्न माझ्या मनात सर्वांत अधिक घर करून राहिला. मानसशास्त्रज्ञ एडगर शाइन यांनी एका व्यवस्थापन संस्थेच्या ४४ पदवीधरांच्या वाटचालीचा सुमारे दशकभर मागोवा घेतला. शिकत असताना त्यांनी सांगितलेल्या ध्येयांवरून पुढचा अंदाज फारसा बांधता आला नाही. परंतु काही वर्षे प्रत्यक्ष काम केल्यावर प्रत्येकाच्या ठायी अशी एखादी गोष्ट स्पष्ट झाली होती, जी तो कशाच्याही मोबदल्यात सोडायला तयार नव्हता. कोणाला स्वायत्तता, कोणाला स्थैर्य, कोणाला एखाद्या विषयातील प्रावीण्य, कोणाला माणसे आणि काम एकत्र चालवण्याची जबाबदारी. जहाजाला जागेवर धरून ठेवतो तो नांगर, असे नाव शाइन यांनी त्याला दिले. हा नांगर कामाच्या अनुभवातूनच घडतो आणि ओळखू येतो. पहिली नोकरी धरण्यापूर्वी तो कोणालाच दिसत नाही. अहवालात न विचारता केलेला बदल तुम्हाला इतका का लागला, हे तुम्हाला २३ व्या वर्षी कळणे शक्यच नव्हते. आज कळते आहे, ते या आठ वर्षांमुळेच.

आता प्रत्यक्ष काय करावे, ते सांगतो. हे केवळ तुमच्यासाठी नाही. असाच प्रश्न पडलेल्या इतर वाचकांनाही ते उपयोगी पडावे.

पुढचे चार आठवडे एक छोटी नोंदवही ठेवा. रोज रात्री पाच मिनिटे पुरेत. त्यात भावना लिहू नका, घडलेले लिहा: आज कोणत्या कामात वेळ कसा गेला हे कळले नाही, कोणते काम तीनदा पुढे ढकलले, कशानंतर अंगात उत्साह होता आणि कशानंतर थकवा, आणि न सांगता काय केले. नोंद करताना नामे टाळून क्रियापदे वापरा. ‘लेखाकर्म’ किंवा ‘समुपदेशन’ हे शब्द फार मोठे आहेत. ‘चूक शोधली’, ‘समजावून सांगितले’, ‘वाद मिटवला’, ‘तक्ता नव्याने मांडला’, ‘दूरध्वनी टाळला’ असे लिहा. चार आठवड्यांनी जी क्रियापदे उत्साहाच्या बाजूला पुन्हा पुन्हा आलेली असतील, ती तुमच्याविषयी कोणत्याही चाचणीपेक्षा अधिक सांगतील. व्यवसायांची नावे त्यानंतर शोधावीत, कारण एकच क्रियापद अनेक व्यवसायांत असते. समजावून सांगणे हे काम शाळेपुरते मर्यादित नाही.

त्याच काळात तीन माणसांना विचारा. मानसशास्त्रज्ञ सिमिन वझिरे यांचे २०१० मधील संशोधन असे सुचवते की मनातील अस्वस्थतेसारख्या आतल्या गोष्टी आपल्यालाच अधिक चांगल्या कळतात, परंतु बुद्धिमत्ता किंवा कल्पकता यांसारख्या, जिथे स्वतःविषयीचा अभिमान किंवा संकोच आड येतो अशा गुणांविषयी इतरांचा अंदाज अधिक खरा ठरतो. तेव्हा ‘मी कशी आहे?’ असे विचारू नका, त्याला गोड उत्तर मिळते. ‘माझा तुम्हाला नेमका कधी उपयोग झाला, तो एक प्रसंग सांगा’ असे विचारा. तिघांपैकी एक जण कामावरचा, एक जण जुन्या ओळखीचा आणि एक जण तुम्हाला न पटणारे बोलणारा असावा.

मग चार जणांशी बोला, जे तुम्हाला हवेसे वाटणारे काम करत आहेत किंवा पूर्वी करत होते. त्यांतील एकाने ते काम सोडलेले असावे, ही अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण काम करणारे लोक बहुधा त्याची बाजू घेतात आणि सोडलेले लोक त्याची किंमत सांगतात. त्यांना कामातील आनंद विचारण्याआधी कालचा दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत सांगायला सांगा. कोणता कंटाळा त्यांनी स्वीकारला आहे, हेही विचारा. प्रत्येक कामाचा स्वतःचा कंटाळा असतो, आणि ज्या कामाचा कंटाळा आपल्याला सोसवतो ते काम आपल्याला पेलते.

त्यानंतर छोटी चाचपणी, आणि तीही नोकरीत राहूनच. तुमच्या कंपनीत नव्या माणसांचे प्रशिक्षण कोणी तरी घेतच असेल. मार्गदर्शिका पुढे ठेवून त्यातील दोन सत्रे घेण्याची परवानगी मागा. आठवड्याच्या सुट्टीत बारा-पंधरा विद्यार्थ्यांना हिशेबशास्त्र शिकवून पाहा, निदान दहा तासिका तरी; पहिल्या दोन नवलाईच्या असतात, त्यांवरून काही ठरवू नका. समुपदेशनाची ओढ कायम असेल, तर प्रशिक्षण देऊन स्वयंसेवक घेणाऱ्या एखाद्या मदतवाहिनीवर काही महिने काम करा आणि त्यानंतरच अभ्यासक्रमाचे शुल्क भरण्याचा विचार करा. अशा चाचपणीत तुम्ही एखादे काम ‘आवडले नाही’ म्हणून सोडलेत, तरी ते अपयश नव्हे. चार महिन्यांत आणि थोड्या खर्चात ते कळले, याचे मला समाधानच वाटेल.

इथे एक सावधगिरी सांगावीशी वाटते. ‘जे मनापासून आवडते तेच करा’ हा सल्ला मी कोणालाच देत नाही. पॉल ओकीफ, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन या मानसशास्त्रज्ञांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की आवड ही आत तयारच असते आणि ती फक्त सापडायची असते, असे मानणाऱ्यांचा नव्या विषयातील रस तो विषय कठीण होताच अधिक लवकर ओसरला. आवड जोपासली जाते असे मानणारे त्या मानाने टिकले. तुमच्या पत्रात ‘खरी आवड असती तर असे झाले नसते’ हे वाक्य तीन ठिकाणी आहे. दहाव्या तासिकेला वर्ग लक्ष देणार नाही आणि तुम्हाला घरी परतावेसे वाटेल. त्या दिवशी हे वाक्य पुन्हा मनात येईल. ते आले तरी अकरावी तासिका घ्या.

राजीनाम्याविषयी माझे मत स्पष्ट आहे: आत्ता देऊ नका. घरखर्चाचा निम्मा भार असताना मोकळे सहा महिने फार काळ मोकळे राहत नाहीत. तिसऱ्या महिन्यापासून काळजी निर्णय घेऊ लागते, आणि काळजीने घेतलेला निर्णय बहुधा समोर येईल ती पहिली नोकरी पत्करण्याचा असतो. हिशेब तुमचाच विषय आहे, तेव्हा तो मांडा: महिन्याचा टाळता न येणारा खर्च किती, शिल्लक किती महिने पुरेल, नवे क्षेत्र धरल्यास उत्पन्न किती काळ कमी राहील. त्याचबरोबर एक तारीख ठरवा, आजपासून साधारण आठ-नऊ महिन्यांनंतरची. त्या दिवशी नोंदवही, चौघांशी झालेली बोलणी आणि चाचपणीचा अनुभव समोर ठेवून निर्णय घ्यायचा. तोवर रोज रात्री नव्याने निर्णय घेणे थांबवायचे. तुमचा थकवा कामाइतकाच या रोजच्या निर्णयाचाही आहे, असे मला वाटते.

एक चौकशी मात्र यापूर्वीच करायला हवी. मन जड होते ते फक्त कामावर जाताना, की सुट्टीच्या दिवशीही? पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस उरला नसेल, झोप किंवा भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून अधिक काळ सतत चालू असेल, तर आधी डॉक्टरांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. नैराश्यात सगळेच क्षेत्र चुकीचे वाटते, आणि त्या अवस्थेत घेतलेल्या नोंदी दिशा दाखवत नाहीत.

नुकतेच शिक्षण संपवलेल्या वाचकांपाशी आठ वर्षांचा पुरावा नसेल. त्यांनी अनुभव देणारे पहिले काम घ्यावे आणि त्याच्याकडून आयुष्यभराच्या उत्तराची अपेक्षा करू नये. पन्नाशीच्या जवळ असलेल्यांना मी उलट सांगेन की तुमच्यापाशी पुरावा भरपूर आहे, चाचणीवर वेळ न घालवता मागच्या वीस वर्षांतील न सांगता केलेली कामे लिहून काढा. ज्यांच्या पगारावर संपूर्ण घर चालते आणि शिल्लक काहीच नाही, त्यांनी कामाची जागा किंवा माणसे बदलण्याचा विचार आधी करावा आणि क्षेत्राचा नंतर. यात कमीपणा काहीच नाही.

राहिला वडिलांचा प्रश्न. त्यांच्या विरोधात तुम्हाला अविश्वास दिसतो. तुम्ही उद्धृत केलेले त्यांचे शब्द मी पुन्हा वाचले: ‘सोडून करणार काय, ते तरी सांग.’ हा नकार नाही, हा प्रश्न आहे आणि तो रास्त आहे. आजवर तुम्ही त्याला ‘मला स्वतःचा शोध घ्यायचा आहे’ असे उत्तर देत आला आहात, ज्यातून त्यांच्या हाती काहीच लागत नाही. या वेळी त्यांना सांगा की नोकरी चालू आहे, अमुक तारखेपर्यंत चालूच राहील, रविवारी सकाळी शिकवायला जाणार आहे आणि खर्चाचा हा तक्ता आहे. आणि ती मार्गदर्शिका त्यांना दाखवा. पत्रावरून वाटते की ती त्यांनी अजून पाहिलेली नाही.